डाबऱ्यांचा लांब सूर

रविवारी जेवण झाल्यावर डॉ. यामिनी उकिडवे तालमीच्या खोलीतल्या दिवाणावर आडवी होते, ती झोपायला नव्हे, विचार करायला. आडव्याने केलेला विचार फार टिकत नाही, हे तिला ठाऊक आहे. पण उभ्याने, बसून आणि चालताना तो करून झाला आहे, आणि निष्कर्ष काही हाती लागलेला नाही. चेलो दिवाणाला टेकून उभा आहे. छताचा पंखा फिरतो आहे.

प्रश्न साधा आहे. मुठा क्वार्टेट ही चार तंतुवाद्यांची मंडळी बावीस वर्षे पुण्यात एकत्र वाजवते आहे. दोन व्हायोलिन, त्यांच्याहून जरा मोठा आणि खर्जातला एक व्हायोला, आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा यामिनीचा चेलो. वाजवायचे ते हयात संगीतकारांनी नव्याने लिहिलेलेच, असा पहिल्यापासूनचा हट्ट. त्यामुळे श्रोते मोजके मिळाले, आणि मेलेले संगीतकार जी एक सवलत देतात तीही गेली; हयात संगीतकार पहिल्या रांगेत येऊन बसतो आणि चुका मोजतो. फेब्रुवारीत व्हायोला वाजवणारे इग्नेशस डाबरे हृदयविकाराने गेले. त्यांच्या जागी चौघांना ऐकून झाले. तिघे आपणहून परत गेले. चौथी, मिरजेची ऋजुता साबळे, हिला घ्यायचे की नाही, हे आज संध्याकाळपर्यंत सांगायचे आहे. पहिले व्हायोलिन वाजवणारी पर्सिस कोतवाल हो म्हणाली आहे. दुसरे व्हायोलिन वाजवणारा मिलिंद सोनटक्केही हो म्हणाला आहे. मात्र क्वार्टेटमध्ये बहुमत चालत नाही, एकमत लागते. आणि पाचव्या कोणाला ऐकण्याचे त्राण आता कोणातच उरलेले नाही. यामिनी नाही म्हणाली, की मुठा क्वार्टेट संपली.

यामिनी नाही म्हणणार आहे.

मुलगी वाजवते उत्तम, त्याबद्दल वाद नाही. वाद ‘ओहोटी’च्या शेवटाबद्दल आहे. ‘ओहोटी’ ही रचना नागपूरच्या एका संगीतकाराने दोन वर्षांपूर्वी मुद्दाम मुठासाठी लिहिली. तिच्या शेवटी दोन्ही व्हायोलिने मंद होत जातात, आणि व्हायोला एकच लांब सूर धरून राहतो. त्याच्याखाली चेलो. मुठाचा हा शेवट भरगच्च असतो, चेलो गजाने, पूर्ण दाबाने वाजतो. सोलापुरात तो ऐकून एका निवृत्त न्यायाधीशांच्या डोळ्यांत पाणी आले होते. तालमीला आलेली ऋजुता नेमकी तिथेच थांबली.

“मॅडम, इथे चेलोने तार नुसती बोटाने छेडायची असं लिहिलंय. तुम्ही गज का वापरता?”

“आमच्याकडे हे असंच वाजवतात.”

“एकदा छेडून बघायचं का?”

“नको,” यामिनी म्हणाली होती.

खोलीत पर्सिसने चष्मा पुसला, मिलिंदने खिडकीबाहेर पाहिले, आणि तालीम पुढे गेली. सव्वीस वर्षांच्या मुलीने आल्या आल्या डाबऱ्यांच्या शेवटाला हात घालावा, हे यामिनीच्या मनाला लागले ते लागलेच.

ती डोळे मिटते. ध्वनिशास्त्र हा तिचा पेशा आहे. प्रयोगशाळेत तिची हयात गेली आहे. झोपेच्या उंबरठ्यावर माणसाला जे आवाज ऐकू येतात त्यांना बाहेर कुठेही उगम नसतो, मेंदू ते घरच्या घरी बनवतो, हे तिने व्याख्यानांतून सांगितलेले आहे. म्हणून पंख्याची घरघर हळूहळू खाली उतरते, तिला एक पट्टी सापडते, आणि ती कोणीतरी व्हायोलाची खर्जाची तार जुळवावी तशी वर-खाली होऊ लागते, तेव्हा यामिनीला भय वाटत नाही. उगम नाही, एवढीच नोंद ती मनात करते.

“खाली आहे का गं अजून?” पायथ्याशी कोणीतरी विचारते.

दिवाणाच्या पायथ्याशी इग्नेशस डाबरे बसलेले आहेत. कार्यक्रमाचा काळा कुडता, मांडीवर व्हायोला, पाय अनवाणी. वाजवताना ते चपला काढून ठेवीत. देवळात आणि शेतात चपला चालत नाहीत, मग इथे कशा चालतील, असे वसईच्या या शेतकऱ्याच्या मुलाचे म्हणणे असे.

“केसभर खाली,” यामिनी म्हणते. मग तिच्या लक्षात येते. “डाबरे, तुम्ही गेला आहात.”

“ठाऊक आहे बाय. मी तिथेच होतो.”

“हे स्वप्न आहे.”

“मग काय, रेल्वेचं स्टेशन आहे?” ते खुंटी पिळतात. “मातीला तू आली होतीस. हिरवी साडी नेसून.”

“पांढरी होती.”

“असेल. मी काही डोळे उघडून बघत नव्हतो.”

हसू येते आणि ते यामिनी आवरते. प्रयोगाच्या सुरुवातीला हसू नये. “मला माहीत नसलेली एखादी गोष्ट सांगा,” ती म्हणते. “एकच. मग मी मान्य करीन, की तुम्ही तुम्ही आहात.”

“कुठून आणू? तुझ्याच डोक्यात बसलोय. इथे जे सामान पडलंय त्यातलंच काहीतरी उचलून दाखवणार.” ते आजूबाजूला बघतात. “सामान बाकी खूप आहे. आवरत नाहीस वाटतं?”

आजूबाजूला आता कॅम्पातल्या बेकरीवरची ती खोली आहे, जिथे पहिली सात-आठ वर्षे तालमी झाल्या. खालच्या भट्टीतून नानकटाईचा वास फळ्यांच्या फटींतून वर येतो आहे. चार खुर्च्या चार घरांतून आलेल्या, एकीचीही उंची दुसरीशी जुळत नाही. भिंतीवर पर्सिसच्या हातच्या ठळक अक्षरांत लिहिलेला कागद आहे: आधी वाजवा, मग बोला.

हा मुठाचा एकमेव लिखित नियम. पहिल्याच वर्षी एका ओळीच्या गतीवरून डाबरे आणि यामिनी असे भांडले होते, की पंधरा दिवस त्यांनी एकमेकांशी मिलिंदमार्फत बोलणे केले. शेवटी पर्सिसने पाटी लावली. दुसऱ्याची सूचना पटत नसेल, तर आधी ती त्याच्या म्हणण्याप्रमाणे वाजवायची, आणि तीही तोंड वाकडे करून नव्हे, आपलीच असल्यासारखी. मगच तक्रार करायची. निम्मी भांडणे वाजवता वाजवताच विरून जात. उरलेली निदान सुरेल होत.

“पाटी खाली कधी आली?” डाबरे विचारतात.

“आली नाही. जागा बदलली तेव्हा नव्या खोलीत लावायची राहिली.”

“पाठ होती म्हणून?”

“पाठ होती म्हणून.”

“हां,” डाबरे म्हणतात, आणि उठून जिन्याकडे निघतात. यामिनीही निघते. जिना बेकरीचाच आहे, तोच तेलकट कठडा. पण शेवटच्या पायरीखाली लग्नाचा हॉल आहे. झुंबरे, निळे दिवे, नवरा-नवरीला भेटायला उभी असलेली लांबच लांब रांग. मंडपाच्या बाजूला छोट्या उंचवट्यावर चार खुर्च्या मांडलेल्या आहेत. सुरुवातीची कितीतरी वर्षे मुठा क्वार्टेट अशीच जगली: स्वागतसमारंभ, हॉटेलांतली कारंजी, एकदा तर मोटारींच्या दालनाचे उद्‌घाटन. नवे संगीत वाजवण्याची हौस भागवण्यासाठी जुनी गाणी वाजवायची, असा हा व्यवहार होता.

रांग वळते आहे. नवरा-नवरीला सोडून ती डाबऱ्यांकडे येते आहे. पांढरी मिशी आणि भारदस्त अंग पाहून लोक त्यांना वधूपिता समजत, हे एकदा खरेच झाले होते, आणि डाबऱ्यांनी ते कोणालाही सांगितले नव्हते. आताही ते गज काखेत धरून एकेकाचे हात हाती घेत आहेत.

“सुखी राहा. जेवून जा. अरे, जेवल्याशिवाय जायचं नाही हां.”

“डाबरे, लोकांना फसवू नका.”

“फसवलं कुठे? जेवण आहेच.” ते एका म्हातारीच्या पाया पडतात. “बाय, त्यांना बाप हवाय, मी बसलोय. हे काम अवघड नाही. उठायची वेळ कळली की झालं.”

“मी नाही म्हणणार आहे,” यामिनी म्हणते. गर्दीच्या गलक्यात तिला ते मोठ्याने म्हणावे लागते. “त्या मुलीला. आज.”

“वाजवत नाही?”

“वाजवते.”

“उशिरा येते? खोटं बोलते? मिलिंदला हसते?”

“मिलिंदला सगळेच हसतात.” यामिनी थांबते. “तिला ‘ओहोटी’चा शेवट बदलायचा आहे. तुमचा शेवट.”

डाबऱ्यांच्या हातात कोणाचा तरी हात आहे. तो ते सोडत नाहीत, पण त्यांचे लक्ष उडते. “माझा?” ते म्हणतात. “माझा कसला?”

आणि ज्याचा हात हातात आहे तो माणूस म्हणजे वसईच्या त्यांच्या गावातल्या चर्चचे वयस्क फादर आहेत. त्यांच्या मागे चर्चचा हॉल आहे, लांबट, कौलारू, बाकांवर डाबऱ्यांचे अवघे गाव बसलेले आहे. बायकांच्या लाल लुगड्यांनी मधली ओळ उजळली आहे. मुठाने इथे एकदा कार्यक्रम केला होता. आधुनिक संगीत, तासभर, मध्ये विश्रांती नाही. संपल्यावर डाबऱ्यांची मावशी म्हणाली होती, “समजलं काही नाय. पण झोप आली नाय.” बावीस वर्षांत वृत्तपत्रांत पुष्कळ छापून आले, परदेशातल्या एका महोत्सवात तर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, पण पर्सिस अजूनही कोणी विचारले, की मावशीचे हे मत सांगते.

चार खुर्च्या, चार वाद्ये. पर्सिस आणि मिलिंद आपापल्या जागी आहेत. स्वप्नाच्या काटकसरीने त्यांना चेहरे दिलेले नाहीत, फक्त खांदे दिलेले आहेत. पण खांदे ओळखीचे आहेत. ‘ओहोटी’ शेवटाकडे आली आहे. व्हायोलिने विरत जातात. डाबरे लांब सूर लावतात.

त्यांचा उजवा हात कापतो आहे.

यामिनीला ते दिसते, आणि दिसताक्षणी तिचा गज तारेवर दाबला जातो. तिने ठरवलेले नाही, हाताने ठरवलेले आहे. पर्सिसचा खांदा पुढे येतो, मिलिंदचा येतो. विरत जाणारी व्हायोलिने पुन्हा भरतात. सगळा हॉल आवाजाने तुडुंब होतो, आणि त्या पुरात डाबऱ्यांच्या सुराचा कंप बुडून जातो.

डाबरे गज उचलतात. बाकीचे तिघे क्षणभर तसेच वाजवत राहतात, घरमालक निघून गेल्यावरही पाहुणे बोलत राहावेत तसे.

“थांबा, थांबा,” डाबरे म्हणतात. “हे एवढ्या जोरात कोणी लिहिलं?”

मावशी बाकावरून पंख्याने वारा घेते आहे.

“बाय, तुझ्या कागदावर काय लिहिलंय?”

यामिनी बघते. स्वप्नातली अक्षरे सहसा स्थिर नसतात, हे तिला माहीत आहे, ही आहेत. “अगदी हलकं,” ती वाचते. “गज नाही. तार छेडायची. मध्ये मोकळी जागा सोडून.”

“मग?”

“तुम्हीच म्हणाला होता—”

“मी काय म्हणालो होतो?”

यामिनी आठवू पाहते. ती आठवण्यात तरबेज आहे. कोणत्या साली कोणत्या हॉलमध्ये आवाज किती वेळ घुमला, हे ती सांगू शकते. डाबऱ्यांनी शेवट बदलायला सांगितला, तो प्रसंग मात्र तिला सापडत नाही. दिवस नाही, खोली नाही, वाक्य नाही.

“तुम्ही काहीच म्हणाला नव्हता,” ती अखेर म्हणते.

“मग कोण म्हणालं?”

“कोणीच नाही.”

म्हणजे असे झाले होते. ‘ओहोटी’ हाती आली त्याच सुमारास डाबऱ्यांचा हात कापू लागला. गोळ्या ते राळेच्या डबीत ठेवीत, गजाला राळ लावण्याच्या निमित्ताने वळून घेत, आणि हे तिघांनाही दिसत असे. तिघांनीही ते पाहिले नाही, असे ठरले. ठरवायला कोणी एकत्र बसले नाही, तरी ठरले. एका तालमीत यामिनीने छेडण्याऐवजी गज लावला. दुसऱ्या तालमीत व्हायोलिने विरायची थांबली. संगीतकाराला सांगितले, की हॉलच्या मानाने असे बरे वाटते. तो बिचारा भला, हो म्हणाला. मग सोलापूर झाले, न्यायाधीश झाले, आणि झाकण घातलेले भांडे हेच पक्वान्न म्हणून मिरवू लागले.

“ऐकू यायचं का?” डाबरे विचारतात. व्हायोला त्यांनी छातीशी धरलेला आहे. “हात कापायचा ते. खरं सांग. आता मला काय फरक पडतो?”

“यायचं.”

“बाहेर? लोकांना?”

“लोकांना नाही. आम्हाला.”

“मला वाटलंच.” ते पायांकडे बघतात. “घरी जाऊन म्हणायचो, आज बरं झालं, आज त्यांना कळलं नाही. आणि मग वाटायचं, एवढी गर्दी का करतात हे लोक? माझ्या सुराला जरा हवा लागू द्या. पण म्हणू कसा? म्हटलं असतं तर कबूल केल्यासारखं झालं असतं.”

“आम्हाला वाटलं, तुम्हाला लाज वाटेल.”

“वाटलीच असती. लाजेनं काय माणूस मरतो? मेलो तो भलत्याच कारणानं.” ते हसतात. मग गंभीर होतात. “तुझ्या त्या काट्याची गोष्ट काय होती? प्रयोगशाळेतल्या. मला दर वर्षी सांगायचीस.”

यामिनीला ती गोष्ट माहीत आहे. तिच्या प्रयोगशाळेत एक जुना मापक होता, तो नेहमी थोडे कमी दाखवी. म्हणून प्रत्येक वाचनात ठरावीक आकडा मिळवण्याची पद्धत पडली. पुढे मापक बदलला, नवा, निर्दोष आणला. पण आकडा मिळवायची सवय राहिली. वर्षभराची निरीक्षणे वाया गेली. नव्या विद्यार्थ्यांना ती हे मुद्दाम सांगते: दोष गेला, की दुरुस्तीही काढून टाका, नाहीतर दुरुस्ती हाच दोष होतो.

ती ही गोष्ट आता सांगत नाही. सांगायला लागत नाही. तिला लाज वाटते, आणि त्या लाजेत, चमत्कारिकपणे, सुटकाही आहे.

“ती मुलगी तर फक्त कागद वाचत होती,” ती म्हणते.

“वाचता येतं म्हणजे. बरं आहे. मिलिंदला अजून नीट येत नाही.”

“आणि मी एकदाही तिच्या म्हणण्याप्रमाणे वाजवून पाहिलं नाही.”

“हे तू मला सांगू नकोस,” डाबरे म्हणतात. “मी पाटी लावली नव्हती. मी फक्त भांडलो होतो.”

मावशीच्या पंख्याचा आवाज बंद पडतो. बाकांचा, कौलांवरच्या कावळ्यांचा, फादरांच्या खोकल्याचाही. आवाज असा संपतो, की कानांवर दाब येतो, आणि यामिनी ती जागा बघण्याआधीच कानांनी ओळखते. ही तिच्या प्रयोगशाळेतली निनाद नसलेली खोली. भिंती, छत, जमीन, सर्वत्र स्पंजाच्या लांब पाचरी. आवाज त्यांच्यात शिरतो तो परत येत नाही. माणूस इथे थोडा वेळ थांबला तर स्वतःचे रक्त ऐकू येते. पायांखाली तारांची जाळी ताणलेली आहे, आणि डाबरे तिच्यावर अनवाणी उभे आहेत, एखाद्या माणसाने ओल्या वाळूवर उभे राहावे तसे निवांत.

“इथे घे,” ते म्हणतात. “इथे गर्दी होत नाही.”

चेलो तिच्या गुडघ्यांत आहे. गज कुठे दिसत नाही. डाबरे सूर लावतात.

हात कापतोच आहे. स्वप्न असूनही स्वप्नाने तो बरा केलेला नाही, याबद्दल यामिनीला स्वप्नाविषयी थोडा आदर वाटतो. या खोलीत काही लपत नाही. सुरातला एकेक हेलकावा उघडा पडतो. तिचा हात सवयीने गज शोधतो. गज नाही. ती उजव्या हाताची तर्जनी तारेत अडकवते, ओढते, सोडते.

तारेचा एकच ठसठशीत ठोका, आणि मग मोकळी जागा.

मोकळ्या जागेत डाबऱ्यांचा सूर दिसतो. दिसतो हा शब्द शास्त्रशुद्ध नाही. पण यामिनीला दुसरा सापडत नाही. तो कापतो आहे, आणि कापण्याने तो मोडत नाही. सायंकाळी ओसरत्या पाण्यावरून परतणाऱ्या होडीचा दिवा हलतो, तसा हलतो, आणि हलता हलता पुढे जात राहतो. ती दुसरा ठोका देते. बोटाला तार जोरात लागते. पुन्हा मोकळी जागा.

“असं होतं तर,” डाबरे म्हणतात. वाजवता वाजवता बोलणे त्यांना कधी जमत नसे, आता जमते आहे. “बाय, चांगलं लिहिलंय की गं त्याने. आपण ऐकलंच नाही.”

“डाबरे, मला माफ—”

“ए. ते नको. प्रेमाने केलंत ना? मग झालं. मला आवडायचं ते. हिवाळ्यात तीन गोधड्या घातल्यासारखं.” सूर चालूच आहे. “पण दुसऱ्याला उकडत असेल, हे बघायला हवं की नको?”

ती तिसरा ठोका देते. बोटाचे टोक आता हुळहुळते आहे. तिला वाटते, की गज आता संपायला हवा. कोणताही गज इतका लांब नसतो. ती मान वर करून बघते. डाबऱ्यांनी व्हायोला केव्हाच खाली ठेवला आहे. ते वाकून चपला घालत आहेत, डावी आधी, मग उजवी, तालीम संपल्यावर घालीत तशा.

सूर मात्र थांबलेला नाही. तीच उंची, तीच जागा. पण कंप गेलेला आहे. त्याला दुसऱ्या कोणाचा तरी श्वास आहे, तरुण, जरा अधीर, आणि सरळ.

“हा सूर कोण वाजवतंय?” यामिनी विचारते.

“मला काय विचारतेस? मी नवीन गोष्ट सांगू शकत नाही, असं तूच ठरवलंस.” ते कुडता झटकतात. “तुझ्याच डोक्यात पडलेलं असणार. ऐक. तालमीच्या दिवशी तू ऐकलं नव्हतंस, तरी कान काही बंद नव्हते.”

“जाताय?”

“जेवून निघालोय. मंडळी वाट बघत असतील.” दाराशी ते वळतात. या खोलीचे दार हातभर जाडीचे आहे. त्यांनी ते एका बोटाने ढकलले आहे. “बाय, ती माझ्यासारखी वाजवते का?”

“नाही. अजिबात नाही.”

“वा!” डाबरे म्हणतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरतो, की यामिनी पुढे काही बोलायला तोंड उघडते, आणि पंखा फिरत असतो.

खोलीत ऊन तिरके झालेले आहे. रस्त्यावर कोणीतरी भंगार मागत चालले आहे. यामिनी पडल्या पडल्या छताकडे बघते आणि नेहमीच्या क्रमाने स्वतःची तपासणी करते: वार रविवार, जागा तालमीची खोली, झोप गाढ नव्हे, डोळ्यांच्या कडा ओल्या. माणूस झोपेत रडतो, त्यात नवल काही नाही.

मग ती उठून बसते आणि तिला उजव्या तर्जनीला काहीतरी जाणवते. ती बोट उजेडात धरते.

टोकाच्या मांसल भागावर आडवी, खोल, लाल रेघ आहे. दोन्ही बाजूंनी कातडी किंचित फुगलेली. बराच वेळ, जोर लावून तार छेडली, की उठते तशी. आज सकाळपासून तिने चेलो वाजवलेला नाही, आणि हा शेवट बोटाने तर तिने दोन वर्षांत छेडलेला नाही.

चेलो दिवाणाला टेकून उभा आहे. ती हात लोंबता सोडून बघते. हात तारांपर्यंत पोहोचतो. म्हणजे झोपेत बोट तारेत अडकले, हाताचा भार तिच्यावर पडला, आणि त्वचेवर वळ उठला. स्पष्टीकरण पुरेसे आहे. त्यात कोठेही फट नाही. जाडी मोजायची तर टेबलाच्या खणात व्हर्नियर कॅलिपर आहे; चारही तारांशी ताडून कोणती तार होती तेही काढता येईल. यामिनी खणाकडे बघते. वळ उठला कसा, हे मोजून कळेल. शेवट कसा वाजवायचा, हे तिला आधीच कळले आहे. ती खण उघडत नाही.

ती पर्सिसला फोन लावते.

“हो,” ती म्हणते.

“काय हो? झोपेतून उठलीस काय?”

“हो. आणि ऋजुतालाही हो. आणि पर्सिस, ‘ओहोटी’चा शेवट मी छेडून वाजवणार आहे.”

पलीकडे पर्सिस नाक ओढते. “बरं झालं बाबा,” ती म्हणते. “आम्ही दोघं बघत होतो, पहिलं कोण बोलते. मिलिंद म्हणाला, तू बोलणार. मी म्हटलं, ती मरेपर्यंत नाय बोलणार.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, तिघं मिळून केलं ना आपण? तुला काय वाटलं, तू एकटी दयाळू?”

यामिनी फोन ठेवते आणि दुसरा नंबर लावते. रिंग वाजत राहते. तोपर्यंत ती अंगठ्याने तर्जनीचे टोक दाबते, रेघ दुखते.

“हॅलो? मॅडम? थांबा हं, एक मिनिट, बाजूला येते! इथे हळद आहे आणि बाबांचा बँड लागलाय!” मागे क्लॅरिनेट, ताशे आणि कोणाच्या तरी शिट्ट्या. मग दार लागल्याचा आवाज, आणि मुलीचा आवाज जवळ येतो, सावध होतो. “बोला, मॅडम.”

सावध होण्यामागचे कारण यामिनीला ठाऊक आहे. या मुलीला नकार ऐकायची तयारी करूनच फोन घ्यावा लागला आहे, आणि ती तयारी यामिनीनेच तिच्याकडून करवून घेतली आहे.

“साबळे,” यामिनी म्हणते. मुठात व्हायोला वाजवणाऱ्याला आडनावानेच हाक मारायची सवय आहे. तिला ते अजून माहीत नाही. “‘ओहोटी’चा शेवट. कागदावर आहे तसा वाजवायचा म्हटलं, मी छेडणार, व्हायोलिनं गप्प, तर तुम्ही एकट्या पडाल. झाकायला कोणी नसेल.”

“चालेल, मॅडम.”

“एका गजात तो सूर तुम्हाला किती लांब धरता येईल?”

पलीकडे दाराआड बँड दुमदुमतो आहे. नकाराची वाट पाहणारी मुलगी प्रश्न दोनदा मनात वाचते आहे, हे फोनवरूनही कळते.

“तुम्हाला किती लांब हवाय?” ऋजुता विचारते.

यामिनी आपले बोट पुन्हा उजेडात धरते. फुगवटा बसला आहे, कडा फिकट होत चालल्या आहेत. मधली रेघ मात्र अजून लाल आहे.